हौद, गादी, फरशी

व्यायामाची नवी जागा बघायला गेलो की मी आधी खाली बघतो. भिंतीवर कोणाचे फोटो लावलेत, यंत्रं कुठल्या कंपनीची आहेत, महिन्याची फी किती, हे सगळं नंतर. पायाखाली काय आहे आणि त्याची निगा कोण राखतं, एवढं कळलं की तिथं काय शिकवत असतील याचा बराचसा अंदाज येतो. ही सवय गावच्या तालमीनं लावली. पुढं शिकायला पुण्याला आणि नोकरीला मुंबईला गेलो, दर ठिकाणी पायाखालची जमीन बदलली, सवय मात्र राहिली.

वारणाकाठच्या आमच्या गावात तालीम म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक लांबोळकी खोली. दार इतकं ठेंगणं की दांडगा पैलवानसुद्धा वाकूनच आत येई. आत मारुतीची तसबीर, कोनाड्यात पणती, भिंतीला टेकवलेले मुदगल आणि मधोमध हौद. नव्या पोराला कुस्ती लगेच मिळत नसे. त्याच्या हातात आधी खोरं यायचं. रात्रभरात माती दबून टणक झालेली असे. एका कोपऱ्यापासून ती उकरत यायची, ढेकळं फोडायची, खडा लागला की उचलून हौदाबाहेर टाकायचा. मग एका फळीवर धाकट्या पोराला बसवायचं आणि दोरीनं फळी ओढत सगळी माती सपाट करायची. एवढं होईतो कंबर, खांदे, मांड्या भरून आलेल्या असत आणि अंगाला घाम फुटलेला असे. वस्ताद काठावर बसून बघत. कोणी चुकारपणा केला की म्हणत, ‘वरवर कुरवाळू नगंस, खोरं खाली जाऊ दे की रं.’

ती माती शेतातून आणून नुसती टाकलेली नसे. चाळून घेतलेल्या तांबड्या मातीत काव, हळद, ताक, लिंबाचा रस, तेल, कापूर आणि कडुनिंबाचा पाला मिसळून ती मुरवायची. तेलाताकानं ओल धरून राहते, माती उडत नाही, अंगाला बोचत नाही. खरचटलेल्या कातडीसाठी हळद आणि कडुनिंब. माती नवी करायची वेळ आली की ताक एका घरचं, तेल दुसऱ्याच्या घाण्यावरचं, हळद तिसऱ्याची. ज्यांच्या घरातलं कोणी कधी लंगोट चढवून हौदात उतरलं नव्हतं, त्यांचंही काही ना काही त्या हौदात असे. पहिल्या दिवसांत तो आंबूस, कापूरमिश्रित वास कपड्यांतून जात नसे आणि आई माझा टॉवेल वेगळा धुवी.

मातीत पाऊल थोडं रुततं. त्यामुळं झटपट काही होत नाही. खडाखडीत दोघं मानेवर हात टाकून एकमेकांचं वजन जोखत राहतात, पाय कुठं हलका पडतोय ते शोधतात. घामानं निसटणारं अंग धरायला माती लागते, म्हणून पैलवान समोरच्याच्या अंगावरही माती टाकतो. गुण नाहीत, पाठ लागली की निकाल. जोडही काट्यावर तोलून लावत नसत. जाणती माणसं दोघांना शेजारी उभं करत, नजरेनं मापत आणि जोड लावत. त्या नजरेवर माझा अजून विश्वास आहे.

दहावी झाल्यावर मला कोल्हापूरच्या तालमीत ठेवायचं ठरलं. कोल्हापुरात तालमींना काय तोटा! मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी ही नावं आम्ही लहानपणापासून ऐकलेली. तिथं पेठापेठांतून तालमी आहेत आणि गावाचं सगळं जगणं त्यांच्याशी बांधलेलं आहे. फुटबॉलचे संघसुद्धा पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम अशा नावांनी मैदानात उतरतात. या सगळ्याला बळ दिलं शाहू महाराजांनी. 1902 साली ते युरोपात गेले, रोमचं कोलोसियम त्यांनी पाहिलं आणि 1912 साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं. मधे हौद आणि भोवती चढत जाणाऱ्या पायऱ्या. सगळ्यात मागं बसलेल्या माणसालाही पाठ लागलेली दिसते. मैदानाच्या रचनेतच प्रेक्षकाचा मान आहे, असं मला तिथं दरवेळी वाटतं.

माझे चुलते मला घेऊन तालमी बघत फिरले. वस्तादांच्या नावावर जाऊन तालीम ठरवावी असं त्यांचं मत नव्हतं. ते भल्या पहाटे जात, कोपऱ्यात बसत आणि सगळी मेहनत संपेपर्यंत उठत नसत. एका मोठ्या तालमीत एक थोराड पैलवान नव्या पोराला खाली घालून त्याच्या मानेवर गुडघा देऊन बसला होता आणि बाकीचे हसत होते. चुलते काही बोलले नाहीत. मला उठवून बाहेर घेऊन आले. दुसऱ्या एका ठिकाणी तसाच तगडा गडी, कान मोडलेले, खांदे दाराएवढे. तो एका किरकोळ पोरापुढं ओणवा झाला होता. पोरगं ढाक लावायला शिकत होतं, हात चुकत होता, कंबर आत जात नव्हती. तो गडी दरवेळी थांबवून त्याचा हात नीट जागेवर ठेवून द्यायचा आणि डाव बरोबर बसला की आपणहून पाठीवर पडायचा. उठायचा, माती झटकायचा, परत ओणवा व्हायचा. किती वेळा पडला असेल! चुलते मला म्हणाले, ‘हितं ऱ्हा. हितं तुला पडल्यालं कुणी हसणार न्हाई.’

तिथं राहिलो. पहाटे जोर-बैठका, मग लढती, स्वतःचा स्वयंपाक, दूध-बदामाचा खुराक. त्या खुराकासाठी घरी म्हशीचं दूध डेअरीला जायचं आणि आमच्या ताटात ताक उरायचं, हे मला तेव्हाही माहीत होतं. गावाकडून येणाऱ्या बहुतेक पोरांमागं असंच एखादं घर असतं. कुस्तीबद्दल लिहिताना लोक दंड-मांड्यांचं वर्णन करतात, पण त्या दंडामागं कोणी किती दूध प्यायचं सोडलं, ते कोणी लिहीत नाही.

खाशाबा जाधवांची गोष्ट आम्ही तिथंच पुन्हापुन्हा ऐकली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा मातीत घडले. 1948 साली ते लंडन ऑलिंपिकला गेले, तिथं कुस्ती गादीवर, आणि गादीची त्यांना सवय नव्हती. तरीही सहावे आले. पुढच्या चार वर्षांत त्यांनी त्या परक्या जमिनीचा अभ्यास केला. 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच गटात सुवर्णपदक मिळवणारा जपानचा शोहाची इशी हा मूळचा ज्यूडोचा खेळाडू. एक मातीतून गादीवर आलेला, दुसरा तातामी या जपानी चटईवरून. हे मला कळलं तेव्हा मी पुण्यात होतो आणि स्वतःच ज्यूडो शिकत होतो. त्या आनंदात मी खोलीतल्या सगळ्यांना ही हकिगत ऐकवली.

पुण्यात राहायची जागा होती तिथून जवळ आखाडा नव्हता, कॉलेजच्या जिमखान्यात ज्यूडो होता. तिथं सुरुवातीला कितीतरी दिवस फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीशी, पाठ गोल आणि अंग टेकायच्या क्षणी सगळा हात पसरून गादीवर सणसणीत आपटायचा, म्हणजे मार एका जागी न बसता पसरतो. गावच्या हौदात पडणं कोणी वेगळं शिकवलं नव्हतं, कारण उकरलेली माती स्वतःच माणसाला झेलत होती. पहाटेचं ते खोरं कशासाठी होतं, ते मला पुण्यात उमगलं. पकडही बदलली. मातीत उघडं अंग धरायचं, इथं जाड सुती जाकिटाची कॉलर आणि बाही. पण खांद्यावरून फेकण्याचा पहिला डाव दाखवला, तेव्हा मी धोबीपछाड ओळखली. शिकवणाऱ्या सरांना तसं सांगितलं, तर त्यांनी मलाच पुढं बोलावून ती करून दाखवायला लावली.

ज्यूडो सुरू करणाऱ्या जिगोरो कानो यांची एक आठवण सरांनी सांगितली होती. 1882 साली त्यांनी टोकियोतल्या एका देवळात बारा तातामींच्या जागेत शिकवायला सुरुवात केली. रोजच्या आपटण्यानं खालच्या फळ्या खिळखिळ्या व्हायच्या, तेव्हा कानो रात्री दिवा घेऊन फरशीखाली शिरत आणि दुरुस्ती करत. एका शास्त्राचा जनक, विद्वान माणूस, आपल्या पोरांना पडायला नीट जागा असावी म्हणून सरपटत खाली जातो, याचं मला फार मोल वाटतं.

मुंबईत आलो आणि लोखंडाशी गाठ पडली. पहिली जिम चकचकीत होती, भोवती आरसे. तिथं एक मुलगा पाठीची कमान करून वजन उचलत होता, शेजारीच ट्रेनर मोबाइलमध्ये होता. मी एका तळघरातल्या छोट्या जिमला गेलो. खाली रबराच्या जाड लाद्या, जागोजागी झिजलेल्या, पण एकही उचकटलेली नाही. रात्री बंद करायच्या वेळी मालक स्वतः सगळ्या प्लेटा जागेवर लावून फरशी पुसायचा. त्यानं मला पहिल्याच दिवशी बूट काढायला लावले. पळायच्या बुटाचा तळ मऊ असतो, वजनाखाली तो दबतो, पाऊल डुगडुगतं. अनवाणी पायांनी जमीन धरली आणि वीस किलोचा नुसता दांडा उचलला, तेव्हा वस्तादांचं ‘पाय रोव’ आठवलं. जमीन तीच लागते, मग समोर माणूस असो की लोखंड.

त्याच काळात शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरासमोर संध्याकाळी थांबायचो. दोरीच्या मल्लखांबावर मुली सरसर वर जायच्या, दोरी अंगठ्याच्या बेचक्यात धरून आडव्या व्हायच्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नावारूपाला आणला, तो कुस्तीच्या तयारीसाठी. या व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलांनासुद्धा मल्लखांब शिकवला. ज्याला जमीन दिसत नाही त्याला जमिनीपासून वर न्यायचं, तर शिकवणाऱ्यावर केवढा भरवसा हवा!

आता लेक आठवीत आहे आणि तिला कुस्ती खेळायची आहे. माझ्या लहानपणी तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाई येत नसे. बहीण डबा द्यायला आली तरी बाहेर उभी राही. 2023 च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली, तेव्हा आम्ही दोघांनी मोबाइलवर ती कुस्ती पाहिली. त्यानंतर हिचा हट्ट सुरू झाला.

तिच्यासाठी केंद्रं बघत फिरलो, चुलत्यांसारखा कोपऱ्यात बसून. दोन गाद्यांच्या मधे फट आहे का, कारण त्यात पायाचं बोट अडकलं तर घोटा जातो. वरचं कापड ताणलेलं आहे का. भिंत किती जवळ आहे. गादी पुसतात का, आणि जंतुनाशकानं पुसतात का. नाहीतर एकाचा नायटा आठवड्यात सगळ्यांना होतो. मुलींना कपडे बदलायला खोली आहे का. एका ठिकाणी सगळं झकास होतं, पण कोच एका कोवळ्या पोरीला खालच्या वजनगटात बसवायला जेवण तोडायला सांगत होते. वाढत्या वयाच्या मुलांची भूक मारणाऱ्या माणसाकडं मी माझं मूल ठेवणार नाही, तो कितीही पदकं आणणारा असो. शेवटी जे केंद्र ठरवलं तिथं मोठ्या मुली धाकट्यांना डाव करू देत खाली पडत होत्या. लेकीच्या ते लक्षात आलं नाही, तिला तिथल्या मुलींच्या गप्पा आवडल्या. तेही कारण मला पुरेसं होतं.

ती गादीवरच शिकते आहे. दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुणांचा हिशेब, पायांत बूट. चपळ आहे, एकेरी पट, म्हणजे समोरच्या मुलीचा एक पाय धरायचा डाव, झटकन काढते. पण यंदा चैत्रात गावच्या जत्रेत मुलींच्या कुस्त्या लावायचं पंचांनी ठरवलं आणि हिनं मला न विचारता आजीकडून नाव देऊन टाकलं. तेव्हापासून सुट्टीत आम्ही गावी जातो. वस्तादांचा मुलगा आता तालीम बघतो, त्यानं तिला मातीत उतरवलं. पाऊल रुततं, म्हणून पटाला जाताना तिला अर्धा क्षण उशीर होतो आणि त्याची तिला भयंकर चीड येते. सध्या त्या दोघांनी पट बाजूला ठेवून ढाकेवर भर दिला आहे. तिची जोड पन्हाळ्याकडच्या एका मुलीशी लागली आहे. वजन सारखंच आहे, पण ती मुलगी लहानपणापासून मातीतच खेळलेली आहे.