पाच उसांचा मखर

धारूर तालुक्यातली कितीतरी घरं दसरा-दिवाळी उरकली की कुलूपबंद होतात. नवरा-बायको जोडीनं ऊसतोडीला, कोयत्यावर जातात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. कारखान्यांचे पट्टे पडले की माणसं बालाघाटाच्या डोंगरात परत येतात, घरं झाडली जातात आणि उन्हाळ्यात लग्नं लागतात. लग्नामागं गोंधळ येतोच. हळद अंगावर असतानाच गोंधळ्याला सुपारी गेलेली असते.

मग एका रात्री अंगणात पाट मांडतात. पाटावर नवं वस्त्र, त्यावर धान्याचा चौक, चौकात कलश, कलशावर नारळ. भोवती पाच ऊस उभे करून वर शेंडे एकत्र बांधतात. सहा महिने ज्या उसापुढं कंबर वाकली, ज्याच्या पाचटानं हात कापले, तोच ऊस त्या रात्री देवीवर छत्र धरून उभा असतो. त्या मखराकडं बघताना माझा जीव भरून येतो.

गोंधळ ऐकायचा तर जवळ बसून ऐकावा. पुरुष अंगणात आणि ढाळजेत, बाया ओसरीवर, पोरं माळवदावर. पायघोळ अंगरखा आणि कवड्यांची माळ घातलेला गोंधळ्यांचा नाईक मधे उभा. कमरेला बांधलेल्या संबळावर दोन काड्या चालतात. त्यातली एक टोकाला वाकडी असते. शेजारी तुणतुणं. लाकडी नळकांडं, खालच्या तोंडाला चामडं, बाजूला कामटी, आणि कामटीच्या खुंटीपासून चामड्याच्या मधोमध ताणलेली एकच तार. साथीदार खुंटी किंचित पिळतो, तार छेडतो, नाईकाच्या आवाजाशी ती जुळली का हे मान कलती करून ऐकतो. तेवढ्यात कुणीतरी उठून दिवटीत तेल घालतं. गाणारे आणि ऐकणारे यांच्यात हातभराचंच अंतर असतं.

ही रीत जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त गोंडली नावाचं नृत्य येतं, आणि अभ्यासक गोंधळाचं नातं तिथवर नेतात. पण ती टिकली ती घरांनी. गोंधळाचंच नव्हे, ओव्यांचंही तसंच. माजलगाव तर धारूरच्या शेजारचंच. तिथल्या भीमनगरातल्या बायांनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या ओवीसंग्रहाच्या कामात १९९६ साली त्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्या ओव्या जन्मल्या जात्यापाशी, घरातच.

अमेरिकेतल्या मातीच्या गाण्यांचीही वाट घरातूनच गेली. दक्षिणेतल्या गरीब कृष्णवर्णीय घरांतली पोरं झाडूची तार सोडवून घराच्या भिंतीवर खिळ्यांनी ताणत, तिच्यावर बाटली सरकवत सूर काढत. त्या एकतारी वाद्याला डिडली बो म्हणतात. व्हर्जिनियाच्या डोंगराळ मुलखातल्या कार्टर कुटुंबाचं पहिलं ध्वनिमुद्रण १९२७ साली ब्रिस्टलला झालं. पुढं ए. पी. कार्टर लेस्ली रिडल या कृष्णवर्णीय गिटारवादकाला घेऊन घरोघर गाणी गोळा करत हिंडला. कार्टर शब्द उतरवून घेई, रिडल चाल ध्यानात ठेवी. आज त्या परंपरेतले गायक कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत गातात. यजमान जेवू घालतो, झोपायला खोली देतो, आणि ऐकणाऱ्यांचे पैसे बहुतेक थेट गायकाच्या हाती पडतात. सुपारी, शिधा आणि दिवटीपुढची ओवाळणी जाणणाऱ्याला यात नवं काही वाटणार नाही.

गोंधळात मात्र याहून एक गोष्ट जास्त आहे. नाईक तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, आंबेजोगाईची योगेश्वरी अशा ठिकठिकाणच्या देवींना बोलावतो आणि मग त्या घराच्या कुलस्वामिनीवर, गावच्या दैवतावर, घरधन्याच्या कुळावर येतो. त्या रात्रीचं गाणं त्याच घराचं असतं, दुसऱ्या अंगणात ते तसंच्या तसं गाता येत नाही. मुकादमाच्या वहीत ज्याचं नाव उचलीच्या आकड्यापुढं लिहिलेलं असतं, फडावर ज्याला कोयता म्हणूनच मोजतात, त्याच्या कुळाचं नाव इथं सगळ्या भावकीदेखत देवीपुढं घेतलं जातं. अर्धं वर्ष कोपीत काढून आलेल्याला आपण कोण, कुठले, हे गोंधळी गाऊन सांगतो. मजुरीत हे मिळत नाही, आणि मोठ्या मंचावरून समोर बसलेल्या हजारोंनाही ते देता येत नाही.

म्हणून गोंधळ तासाभरात आटोपता घेतला की मला वाईट वाटतं. आधी गण, मग देवतांना आवतण, मग आख्यान, मधे साथीदाराचे खोडकर प्रश्न आणि पहाटे आरती, या सगळ्याला अख्खी रात्र लागते. आख्यानाला वेळच दिला नाही तर नाईकाचा मुलगा ते कशाला पाठ करील? लग्नाच्या खर्चात मांडव, बँड, जेवणावळ सगळं मनासारखं होतं. त्याच खर्चात गोंधळ्याला पुरी बिदागी द्यावी, घरच्या पंगतीत जेवू घालावं, कर्णा बंद ठेवावा आणि आरतीपर्यंत आपणही जागावं. गाणं आपल्या घराचं आहे, तेव्हा ते जागवायची जबाबदारीही आपलीच आहे.