सातबाऱ्यावर नसलेली खोली

मुंबई इलाख्यातील शेतजमिनींची नवी पाहणी १८३५ साली इंदापूर तालुक्यात सुरू झाली. गोल्डस्मिड व विंगेट हे तिचे सूत्रधार. १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. त्या नियमांनुसार शेताच्या क्षेत्राबरोबरच मातीची खोलीही मोजली जाई, आणि तीही हातांत. एक हात म्हणजे सुमारे अठरा इंच. पावणेदोन हात खोल काळी जमीन सोळा आण्यांची, तर पाव हात बरड अवघे दोन आण्यांचे. अशा एकूण नऊ प्रती ठरविल्या होत्या. जमिनीला उतार असला, चुनखडी मिसळलेली असली किंवा वाहते पाणी अंगावरून जाण्याचे भय असले, तर प्रत खाली येई. हेतू अर्थातच सारा ठरविण्याचा होता, शेतकऱ्याच्या कल्याणाचा नव्हे. तरीही जमिनीला लांबी-रुंदीप्रमाणे खोलीही असते, हे त्या सारा वसूल करणाऱ्यांनी ओळखले होते.

आजच्या सातबाऱ्यावर क्षेत्र आहे, पोटखराबा आहे, आकारणी आहे, इतर हक्क आणि बोजा आहे. मातीच्या खोलीचा रकाना मात्र नाही. जमीन तारण घेणारी बँकही मालकी निर्वेध आहे ना आणि क्षेत्र किती, एवढे पाहून समाधान मानते. शेताचे खरे मुद्दल किती शिल्लक आहे, हा प्रश्न कागदावर उमटतच नाही.

हे मुद्दल साठले तरी कसे? दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तयार झाला. थंड होताना त्याला भेगा पडल्या आणि त्या भेगांतून पावसाचे पाणी शिरले. हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने हे पाणी किंचित आम्लधर्मी असते. तेच खडकातील खनिजांना कणाकणाने कुजवते. दगडाच्या कोपऱ्यांवर ते अनेक बाजूंनी काम करते, म्हणून कोपरे आधी झिजतात आणि चौकोनी धोंडा हळूहळू गोल होत जातो. घाटरस्त्यांच्या कापलेल्या कडांत असे गोल धोंडे पापुद्र्यांत गुंडाळलेले दिसतात. पुस्तकांत त्याला कांद्याची उपमा देतात. ती ज्यांना रुचत नाही त्यांनी कोबीचा गड्डा डोळ्यांपुढे आणावा. पापुद्रे सुटून मुरूम होतो, मुरुमाची पुढे चिकणमाती होते, आणि दगडातला चुना पाण्याबरोबर उतरून खाली चुनखडीच्या खड्यांच्या रूपाने बसतो. एक इंच माती जमायला शेकडो वर्षे लागतात. इतक्या मंद गतीने वाढणारी ठेव जगात दुसरी नसेल.

खर्च मात्र झपाट्याने होतो. उघड्या रानावर वळवाचा थेंब आदळतो, मातीचे ढेकूळ फुटते, बारीक कण पाण्यात मिसळतात आणि गढूळ लोंढा ओढ्याला मिळतो. घळ पडली तर ती डोळ्यांना दिसते. सगळ्या शेतावरून सारखी निघून जाणारी साल कोणाच्या ध्यानात येत नाही. एका हेक्टरवरची केवळ एक मिलिमीटर माती म्हणजे दहा घनमीटर, वजनाने सुमारे तेरा टन! १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार देशात दर हेक्टरी दरवर्षी सरासरी सोळा टनांहून अधिक माती वाहून जाते आणि तिचा सुमारे दहावा हिस्सा जलाशयांत साचतो. तोच गाळ शेतात परत आणण्यासाठी २०१७ पासून महाराष्ट्रात सरकारी योजना आहे. काढून गेलेली ठेव वाहतुकीचा खर्च सोसून परत आणावी, तसा हा व्यवहार. शेतकरी म्हणतो, ‘रानात दगड वर आले.’ दगड बहुधा जागीच असतात. माती खाली गेलेली असते.

याची झळ वाटणीच्या वेळी लागते. दोन भावांत चार एकरांची निम्मी-निम्मी वाटणी होते, कागदावर गुंठाभरही फरक नसतो. पण उताराच्या वरच्या अंगाला नांगराचा फाळ वीतभरात मुरुमाला लागतो आणि खालच्या अंगाला वरचीच माती येऊन साचलेली असते. पावसाने ओढ दिली की वरची ज्वारी आधी वाळते. थोरल्याला वाटते आपल्याला फसविले, धाकट्याला वाटते थोरल्याला कष्ट नकोत. दोघेही सातबारा पुढे करतात, आणि दोघांचाही सातबारा खरा असतो.

उपाय ठाऊक नाही असे नाही. मुंबई प्रांतात १९४२ साली जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि दुष्काळी तालुक्यांत समपातळीवर बांध घातले गेले. पण समपातळीची रेषा मालकीची हद्द मानीत नाही. बांध कोणाच्या शेताच्या मधूनच जातो, कोणाचा कोपरा तोडतो, आणि त्याच्याखाली अडकलेली जागा प्रत्येकाला गुंठ्यांत मोजता येते. त्याने राखलेली माती मोजण्याचे माप मात्र हाताशी नसते. म्हणून दरवर्षी नांगराचे एकेक तास बांधात शिरते. गावोगावी याला ‘बांध कोरणे’ म्हणतात आणि त्यापायी भावकीत बोलणे बंद होते. कोरणाऱ्याच्या पदरात हातभर रुंदीची पट्टी पडते. पुढच्या मोठ्या पावसात बांध तिथेच फुटतो आणि कोरणाऱ्याच्याच शेतातली माती ओढ्याला लागते.