पंखा बंद करून

कागदाचे विमान घरात उडवायचे तर पहिली अट अशी की, डोक्यावरचा पंखा बंद असला पाहिजे. ही अट किती कठोर आहे हे एप्रिल-मे महिन्यांत जालन्यात राहिलेल्या माणसालाच कळेल. 2020 सालच्या उन्हाळ्यात आमच्या दोन मुलांनी आणि त्यांच्या 80 वर्षांच्या आजोबांनी ती रोज दुपारी तासभर निमूटपणे पाळली. आम्ही दोघे आतल्या खोलीत महाविद्यालयाचे ऑनलाइन तास घेत, म्हणजे पडद्यावरच्या मौन चौकोनांशी मराठी साहित्याविषयी बोलत बसलेले असू, बाहेरच्या खोलीतून मात्र "गेलं, गेलं, दारापर्यंत गेलं!" असा घोष ऐकू येई.

अण्णा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. जिल्हा परिषदेच्या शाळांतून 36 वर्षे शिकवून निवृत्त झालेले. जन्म 1940 चा, अंबड तालुक्यातल्या एका खेड्यातला. शाळेत त्यांचे नाव घातले गेले तेव्हा मराठवाड्यावर निजामाचे राज्य होते आणि 17 सप्टेंबर 1948 उजाडला तेव्हा ते दुसरीत होते. पाटी फुटेपर्यंत वापरायची आणि फुटली की तिच्या तुकड्यावर लिहायचे, असा तो काळ. घरात कागद होता तो फक्त जमिनीच्या दस्तांचा, आजोबांच्या पेटीत, फडक्यात बांधलेला. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद करण्याची जुनी परंपरा आहे. मुहंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली त्या काळापर्यंत ती मागे नेली जाते. पेटीतला तो जाड, खरखरीत कागद तिथलाच, असे अण्णा ठामपणे सांगत. पुरावा त्यांच्याजवळ नव्हता आणि तो मागण्याचे धैर्य आमच्याजवळ नव्हते.

अशा माणसाच्या घरात कागद हा खेळण्याचा पदार्थ असूच शकत नव्हता. वार्षिक परीक्षा संपली की अण्णा वह्यांतील कोरी पाने सोडवून घेत, दाभणाने शिवत आणि पुढच्या वर्षाची वही तयार होई. कागदाला पाय लागला तर त्याच्या पाया पडायचे. आमच्यापैकी एकाने चौथीत असताना वहीचे कोरे पान फाडून विमान केले होते. अण्णा रागावले नाहीत, ते अधिक वाईट. त्यांनी विमान उलगडले, तांब्यात निखारे घालून त्या पानाला इस्त्री करायला लावली आणि मग त्यावर 29 चा पाढा लिहून घेतला. घड्यांच्या खुणांवर आकडे वाकडे पडले होते, हे अजून आठवते.

म्हणूनच टाळेबंदीच्या तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात अण्णांनी "एका बाजूने कोरे असलेले कागद आहेत का रे?" असे विचारले तेव्हा आम्हाला वाटले, हिशेब लिहायचा असेल. असे कागद आमच्याकडे विपुल होते. विद्यापीठाची परिपत्रके, चर्चासत्रांत वाचलेले निबंध, आणि प्रबंधाचा एक संपूर्ण कच्चा खर्डा, ज्याची दुसरी बाजू पहिलीपेक्षा अधिक निर्दोष होती. अण्णांनी एक कागद घेतला, उभा दुमडला, मधल्या रेषेवर नखाने घडी पक्की केली. वरचे दोन कोपरे त्या रेषेपर्यंत आणले, पुन्हा एकदा आणले, पाठीवर मिटला आणि दोन पंख खाली वाकवले. अर्ध्या मिनिटाचे काम. विमान त्यांच्या खुर्चीपासून निघून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकले. मुलांपेक्षा आम्हीच अधिक चकित झालो.

"अण्णा, तुम्हाला कुठे येत होतं हे?"

"36 वर्षं जप्त करत होतो," अण्णा म्हणाले.

जप्त केलेले विमान ते फेकून देत नसत. कागद वाया जाऊ नये म्हणून उलगडून, सरळ करून ठेवीत. एकेक घडी सोडवता सोडवता ती घालायची कशी हे ते शिकत गेले होते. म्हणजे किती मुलांच्या हातची ही कला त्यांच्या बोटांत उतरली होती! त्या मुलांना मात्र त्या बदल्यात काय मिळाले, ते आम्ही चौथीतच अनुभवले होते.

त्यानंतर बाहेरच्या खोलीत एक छोटी प्रयोगशाळाच सुरू झाली. वर्तमानपत्राचा कागद फार मऊ, त्याचे नाक लवकर मोडते. कॅलेंडरचा गुळगुळीत कागद जड, तो झेपावतो आणि आपटतो. शेपटीकडची कड किंचित वर वळवली की नाकावर आपटणारे विमान सावरते. फार वळवली तर ते मध्येच वर उठून गतप्राण होते. थोरलीने या सगळ्याची नोंदवही ठेवली. सर्वांत लांब गेला तो आमचा ग्रामीण साहित्यावरचा निबंध; चर्चासत्रात तो इतका दूर पोचल्याचे स्मरत नाही. धाकट्याने विमानाच्या नाकातल्या घडीत तुरीच्या डाळीचा दाणा ठेवला, प्रवासी म्हणून. पुढे वजन आल्याने विमान सरळ जाऊ लागले आणि "माणूस बसला की विमान नीट जातं" हा सिद्धांत नोंदवहीत दाखल झाला.

आकाशात त्या दिवसांत विमान दिसत नव्हते. 25 मार्चपासून देशांतर्गत उड्डाणे बंद होती, ती 25 मे रोजी पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात, 7 मेला, परदेशांत अडकलेल्या भारतीयांना आणणारी विमाने उतरू लागली. रात्री दूरदर्शन संचावर ती दृश्ये पाहून मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसाच्या खेळाचे नाव तेव्हाच ठरले, 'घरी आणणे'. दाण्यांची संख्या वाढवायची, असेही ठरले.

तो दुसरा दिवस 8 मेचा. त्या पहाटे बदनापूर आणि करमाड यांच्यामध्ये, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, रुळांवर थकून झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली. 16 जण गेले. मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया भागांतील माणसे. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी, गावाकडे जाण्यासाठी जालन्याहूनच पायी निघालेली. ज्या गावाच्या लोखंडी सळया दूरदूर जातात म्हणून आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, त्या सळया ओढणारी माणसे. वर्षानुवर्षे दलित साहित्य, श्रमिकांची कविता वर्गात शिकवत आलो. पण औद्योगिक वसाहतीत कोण राहते, कुठल्या जिल्ह्याची भाषा बोलते, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हते. ते ठाऊक झाले ते मृतांच्या यादीतून.

मुलांना आम्ही काही सांगितले नाही. बातम्या लावल्या नाहीत. खेळ चालू राहिला, दाणे घरी येत राहिले.

जूनच्या सुरुवातीला कोऱ्या बाजूंचे कागद संपले आणि मुले रद्दीकडे वळली. धाकट्याने गठ्ठ्यातून एक अर्धे पान फाडून अण्णांपुढे धरले. अण्णांनी सवयीने उभी घडी घातली, नख फिरवले आणि थांबले. पान उलगडून त्यांनी मांडीवर तळहाताने सरळ केले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे ते छायाचित्र होते.

"हा नको. दुसरा आण."

"का? चांगला आहे की."

"नको म्हटलं ना."

पण धाकटा नुकताच वाचायला शिकला होता आणि नव्याने वाचू लागलेल्या मुलापासून छापील अक्षर लपत नाही. त्याने बोट ठेवून मथळा वाचला, खालच्या चार ओळी वाचल्या. 'जालना' हा शब्द त्याने दोनदा वाचला.

"आजोबा, हे लोक विमानानं का नाही गेले?"

आम्ही दोघे दारातच उभे होतो. त्याला तिकिटाबद्दल, मजुरीबद्दल, सरकारबद्दल सांगता आले असते. वाक्येही तयार होती. आमच्याने ती उच्चारवली नाहीत. अण्णा खुर्चीच्या हातावर जोर देऊन सावकाश उठले, भिंतीपर्यंत गेले आणि त्यांनी पंख्याचे बटण दाबले. टेबलावरची तयार विमाने सरकली आणि एकामागून एक खाली पडली. कोणी ती उचलली नाहीत.

अण्णा 2022 मध्ये गेले. त्यांच्या पेटीत, जमिनीच्या दस्तांच्या फडक्यात, ते अर्धे पान ठेवलेले सापडले. मधोमध एकच उभी घडी आहे.