तिलक नगर, जयपूर : तीन प्लेयर आणि दोन कान

पुतण्या नाशिक रोड कॅम्पला तोफखान्याच्या ट्रेनिंगला गेला आणि महिन्याभरानं रविवारी फोनवर म्हणाला, "काका, गाणी ऐकायला कुठला प्लेयर घेऊ? आवाज एक नंबर पाहिजे." एवढ्याशा प्रश्नावरून मी काय करून बसलो ते सांगतो. तोफखान्यातल्या मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं.

तेव्हा पोस्टिंग जयपूरला होतं. क्वार्टर मिळायला अवकाश होता म्हणून तिलक नगरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. राजा पार्कचा बाजार जवळ, मोती डुंगरीचा गणपतीही फार लांब नाही, त्यामुळे घरची खूश. आई फोनवर कायम 'टिळक नगर' म्हणायची आणि शेजारीपाजारी सगळे आपलेच असणार असं धरून चालायची.

घरात तीन प्लेयर होते. एक सँडिस्कचा क्लिप प्लस, काडेपेटीएवढा, खिशाला अडकवायचा. दुसरा मेहुण्यानं दुबईहून आणलेला आयपॉड क्लासिक. तिसरा फुटपाथवर साडेतीनशेला घेतलेला, त्यावर कंपनीचं नावच नाही. आता कुणी म्हणेल, मोबाईल असताना हे कशाला? ज्यांनी मोबाईल जमा करून पुढच्या चौकीवर महिने काढलेत ते असं विचारणार नाहीत. माझा क्लिप प्लस थंडीत जाकिटाच्या आत, छातीशी असायचा, कारण गारठ्यात त्याची बॅटरी बघता बघता खाली यायची.

पुतण्याला मी लगेच सांगून टाकलं असतं, "आयपॉड घे." पण आमची लेक नववीत होती आणि तिला प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागायचा. "बाबा, न बघता ऐकून सांगा. नाव वाचून कुणीही सांगेल." मग परीक्षाच ठरली.

गनरला एक गोष्ट पक्की माहीत असते. एका वेळी एकच करेक्शन द्यायचं, नाहीतर गोळा का चुकला ते कळत नाही. म्हणून इअरफोन एकच ठेवला, सीडी एकच घेतली. दोन प्लेयरमध्ये एकाचा आवाज किंचित मोठा असला तरी कानाला तोच 'चांगला' वाटतो, ही यातली खरी फसगत. त्यावर ई.एम.ई.च्या एका हवालदारानं आपला मल्टीमीटर दिला. एकाच सुराची फाईल तिन्हींवर लावायची आणि इअरफोनला जाणारा व्होल्टेज सारखा येईपर्यंत आवाज कमीजास्त करायचा. मे महिना होता. कूलर चालू ठेवला तर त्याच्या घरघरीत काही ऐकू येईना, म्हणून तो बंद केला. रात्री दहा वाजता घामाच्या धारा आणि कानात किशोरीताईंचा भूप.

किशोरीताईच का, तर ती सीडी वडिलांची. आम्ही कोल्हापूरकडचे, आणि वडिलांना जयपूर घराण्याचं वेड. अल्लादियाखाँसाहेब जयपूर संस्थानातल्या उणियाऱ्याचे. ते शाहू महाराजांच्या दरबारी कोल्हापूरला आले आणि जयपूरचं गाणं कोल्हापूर, मुंबई, गोव्याचं झालं. केसरबाई, मोगूबाई, मग मोगूबाईंच्या लेक किशोरीताई. खुद्द खाँसाहेबांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण मात्र नाही, ते त्यांनी होऊ दिलं नाही. उलट त्यांच्या शिष्या केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाच्या तबकडीवर बसून सूर्यमालेबाहेर निघाली. माझं जयपूरला पोस्टिंग आलं तेव्हा वडील जास्त खूश झाले होते, आणि मला बंदुकीऐवजी तंबोरा घेऊन जायला सांगत होते.

तर परीक्षा. लेक पाठीमागे बसून प्लेयर बदलायची, मी सांगायचं. मग तिची पाळी, बदलायला मी. प्रत्येक जोडीला दहा वेळा.

फुटपाथवाला प्लेयर दोघांनीही प्रत्येक वेळी ओळखला. गाणं थांबलं की मागं 'सूंऽऽ' असा आवाज, आणि खर्ज पार बसलेला. आयपॉड आणि क्लिप प्लस यांत मात्र लेकीचे दहात सहा बरोबर आले, माझे चार. म्हणजे दोघांनाही फरक कळला नाही, कारण नुसतं नाणं उडवलं तरी पाच बरोबर येतात. मेहुण्याला हे मी अजून सांगितलेलं नाही.

मग लेक म्हणाली, "आता प्लेयर एकच ठेवू आणि फाईल बदलू." क्लिप प्लसवर एकच ध्वनिमुद्रण दोन प्रकारांत घातलं. एक फ्लॅक, म्हणजे सीडीवर जे आहे ते काहीही न टाकता. दुसरं १२८ केबीपीएसचं एमपीथ्री. सीडीला सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट लागतात, म्हणजे एमपीथ्रीत साधारण अकरावा हिस्सा उरतो. बाकीचं जातं कुठं? जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या ज्या लोकांनी ही पद्धत घडवण्यात पुढाकार घेतला, त्यांनी माणसाच्या कानाचा अभ्यास केला होता. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज आपल्याला तसाही ऐकू येत नाही, मग तो साठवायचा कशाला? असा सगळा हिशेब. बहुतेक गाण्यांत तो जमतो. तंबोऱ्याचं तसं नाही. जवारीचा दोरा नीट लागला की एका तारेतून बारीक बारीक स्वरांची झालर निघते, आणि जागा कमी पडली की या हिशेबात पहिली कात्री त्या झालरीला लागते.

लेकीचे दहात नऊ बरोबर. "अहो बाबा, सरळ कळतंय. एमपीथ्रीत तंबोरा पाण्याखाली वाजल्यासारखा येतो."

माझे दहात पाच.

पुन्हा केली, पुन्हा पाच. कूलर बंद, रस्ता शांत. बाहेर रातकिडे ओरडतायत असं लेक म्हणाली. मी खिडकीशी गेलो. मला ऐकू आले नाहीत. आतून घरची म्हणाली, "टीव्हीचा आवाज किती मोठा ठेवता ते मी चार वर्षं सांगतेय."

मी गनर. आधी १०५, मग बोफोर्स. महाजनच्या रेंजवर दिवसभर फायरिंग झालं की रात्री कानात शिट्टी वाजायची, सकाळी ती जायची. कानात कापूस घालणाऱ्याला आम्ही हसायचो. त्या कापसानं तसंही फार काही अडत नाही, पण आम्ही हसायचो ते वेगळ्या कारणानं. आणि वार्षिक मेडिकलचं काय सांगू? डॉक्टरसाहेब सहा मीटरवरून कुजबुजणार आणि आपण तो शब्द परत म्हणायचा. पुढचा गडी काय म्हणाला ते लक्षात ठेवलं की निम्मं काम होतं. राहिलेलं अंदाजानं. लेकीच्या परीक्षेत अंदाजाला जागा नव्हती.

आठवडाभर मी गप्प राहिलो. कान खराब असल्याचं कागदावर आलं की मेडिकल कॅटेगरी खाली येते, आणि माझं प्रमोशन तोंडावर होतं. शेवटी गेलो. बंद खोलीत हेडफोन लावून ऑडिओग्राम काढला. कागदावरची रेघ सरळ जात जात ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेलेली, दोन्ही कानांची. तिथला डॉक्टर कागद बघून एवढंच म्हणाला, "तोफखाना?" आतल्या ज्या बारीक पेशी मरतात त्या परत येत नाहीत, हे त्यानं शांतपणे समजावलं. कॅटेगरी खाली आली. प्रमोशनचं पुढं काय झालं तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

लेकीनं माझ्या प्लेयरवर सगळी गाणी फ्लॅकमध्ये भरून दिली. मी म्हटलं, मला काय उपयोग, उगाच जागा खातंय. तर म्हणाली, "राहू दे." भूप लावला की सुरुवातीचा तंबोरा मला अजून पुरा ऐकू येतो. त्यातला किती कानातून येतो आणि किती वडिलांच्या खोलीतून, ते त्या मल्टीमीटरवर मोजता येत नाही.

पुतण्याला क्लिप प्लस पाठवला. सोबत चिठ्ठीत लिहिलं : प्लेयर कुठलाही बरा चालतो, फाईल चांगली घाल, आवाज निम्म्याच्या वर नेऊ नको. पाकिटात फोमच्या इअरप्लगच्या दहा जोड्या घातल्या. पुढच्या रविवारी त्याचा फोन आला. "काका, ही नारिंगी बुचं कशाला? पोरं हसतील." त्याला सांगितलं ते इथंही सांगतो. बूच बोटांत वळून बारीक करायचं, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कान वर ओढायचा, बूच आत सरकवायचं आणि ते फुगेपर्यंत तीस सेकंद बोटानं दाबून धरायचं. अर्धवट घातलेलं बूच न घातल्यासारखंच.