बेट, काळे पाणी आणि आमचा प्रवास

भंडारा जिल्ह्यात 'बेट' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आधी बांबू उभा राहतो. परसातले, नाहीतर धुऱ्यावरचे बांबूचे बेट हेच आमच्याकडचे पहिले बेट. पाण्याने वेढलेल्या भूमीसाठीही मराठीने हाच शब्द वापरावा, हे आम्हाला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे. दोन्ही ठिकाणी दाटी आहे आणि भोवतालापासूनचे वेगळेपणही आहे. समुद्र मात्र आमच्या वाट्याला आला तो पाठ्यपुस्तकांतून. आमचा जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले मालगुजारी तलाव आणि गावोगावच्या बोड्या म्हणजे जमिनीने कवेत घेतलेले पाणी. बेट ही याच्या नेमकी उलट रचना. पाण्याने कवेत घेतलेली जमीन एकदा पाहावी, ही आम्हा दोघांची जुनी इच्छा आहे.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. त्यामुळे बेट म्हटल्यावर अंदमानखेरीज दुसरे नाव मनात येणे अशक्यच होते. गोव्याला मित्र बोलावतात, लक्षद्वीपची छायाचित्रे हल्ली सर्वत्र दिसतात. पण मराठी वाचकाचे बेट एकच, आणि त्याचे वाङ्मयीन नाव 'काळे पाणी'. सावरकर ४ जुलै १९११ रोजी तेथे उतरले आणि १९२१ मध्ये त्यांना परत मुख्य भूमीवर आणले गेले. 'माझी जन्मठेप' १९२७ मध्ये पुस्तकरूपाने आले. तेव्हापासून महाराष्ट्राच्या मनात अंदमान म्हणजे एक कोठडी, एक कोलू आणि भिंतीवर कोरलेल्या ओळी. महाराष्ट्रातून निघणाऱ्या सहलींच्या पत्रकांतही हीच प्रतिमा अग्रभागी असते.

आखणीचे म्हणाल तर दिवाळीच्या सुट्टीचा विचार प्रथम बाद झाला. त्या दिवसांत इकडे धानाची कापणी आणि तिकडे बंगालच्या उपसागरात वादळांचा हंगाम. नाताळानंतरचा आठवडा ठरला. चेन्नईहून किंवा कोलकात्याहून जहाजाने जाण्यात तीन-चार दिवस जातात. एवढी रजा नसल्याने विमान पत्करले. मग कागदावर दिवस आणि ठिकाणे मांडू लागलो. २०१८ मध्ये हॅवलॉकचे स्वराज द्वीप झाले, नीलचे शहीद द्वीप झाले, आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्रीविजयपुरम. वसाहतकाळाची नावे गेली, हे ठीकच. तथापि, या बेटांवर हजारो वर्षे राहिलेल्या माणसांनी त्यांना काय म्हटले असेल, हा प्रश्न ना जुन्या नावांत आहे, ना नव्या. आमच्या आखणीत वितुष्ट आले नसले तरी विचार आला तो येथून.

सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळातले. त्याच्या सात पाकळ्यांपैकी आज तीन उरल्या आहेत. परंतु काळ्या पाण्याची कथा त्याआधीची. सत्तावन्नच्या उठावातील बंदी ठेवण्यासाठी इंग्रजांनी १८५८ मध्ये तेथे वसाहत सुरू केली. दुसऱ्याच वर्षी, १७ मे १८५९ रोजी, ग्रेट अंदमानी लोकांनी धनुष्यबाणांनिशी ॲबर्डीन येथे तिच्यावर हल्ला केला आणि ते हरले. त्यानंतर रोगराईने त्यांच्या वस्त्या ओस पडत गेल्या. तेव्हा काही हजार असलेला हा समाज आज शंभराच्याही आत आहे. जे राज्य आमच्या क्रांतिकारकांना तेथे डांबत होते, त्याच राज्याच्या त्याच वसाहतीने तेथल्या मूळ माणसांना संपवत आणले. आम्ही वर्षानुवर्षे पहिली गोष्ट शिकवतो. दुसरी आमच्या अभ्यासक्रमात कोठेच येत नाही.

भाषेच्या अध्यापकाला तर हे अधिकच जाणवावे. ग्रेट अंदमानी भाषासमूहातील 'बो' भाषेची अखेरची भाषिक बोआ सिनियर जानेवारी २०१० मध्ये वारली. डॉ. अन्विता अब्बी यांनी तिच्याकडून आणि इतरांकडून या भाषांची नोंद केली. या भाषांच्या व्याकरणाचा पाया मानवी देहाच्या अवयवांवर उभा आहे, हे अब्बींनी दाखवून दिले. जगाकडे पाहण्याची एक संपूर्ण रीत एका म्हातारीबरोबर गेली. झाडीपट्टीत राहणाऱ्या आम्हाला याचा अर्थ थोडाफार कळतो. आमच्या झाडीबोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही. पाण्याचे 'पानी' होते, डोळ्याचा 'डोरा' होतो. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास आणि तिची चळवळ उभी केली, तरी वर्गात येणारा विद्यार्थी आपला 'डोरा' दाराबाहेर ठेवूनच आत येतो. बोली एका दिवसात मरत नाही. आधी ती बोलणाऱ्याला लाजायला शिकवले जाते.

या पार्श्वभूमीवर आमचा मतभेद झाला तो बाराटांगवरून. तेथे चुनखडीच्या गुहा आहेत आणि खारफुटीच्या खाडीतून होडीचा प्रवास आहे. पण रस्ता जातो तो जारवांच्या राखीव अरण्यातून. गाड्या ताफ्याने सोडतात. थांबायचे नाही, छायाचित्र घ्यायचे नाही. हा पट्टा बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता. २०१२ मध्ये पर्यटकांपुढे जारवा स्त्रियांना नाचविल्याची चित्रफीत जगभर गाजली. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, रस्ता आहेच, उत्तरेकडच्या वस्त्यांचे व्यवहार त्यावर चालतात, आमच्या एका गाडीने काय बिघडणार? आणि गुहा पाहायला जाणारा प्रत्येकजण माणसे पाहायला जातो, असे मानणे अन्यायाचे. हा युक्तिवाद पोकळ नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की, उत्तरेला राहणाऱ्याला तो रस्ता गरजेचा आहे, आम्हाला तो केवळ हौसेचा. खिडकीतून नजर बाहेर जाणारच, आणि त्या नजरेला जारवांनी संमती दिलेली नाही. 'जारवा' हे नावही त्यांचे स्वतःचे नव्हे. ग्रेट अंदमानी भाषेत त्याचा अर्थ 'परके'. ते स्वतःला 'आंग' म्हणवतात. आपल्याच अरण्यात ज्यांची ओळख परके म्हणून झाली, त्यांच्या दारावरून ताफ्याने जाणारे आपण कोण?

दोन संध्याकाळी हा वाद चालला. अखेर गरज आणि हौस यांतला भेद दोघांनाही मान्य झाला आणि बाराटांग वगळले गेले. यात थोर त्याग वगैरे काही नाही. आम्ही जाणार आहोतच, समुद्रात पाय भिजवणार आहोतच, आणि सावरकरांच्या कोठडीपुढे नतमस्तकही होणार आहोत. फक्त रिकाम्या झालेल्या त्या दिवशी ॲबर्डीनच्या लढाईच्या स्मारकापाशी जायचे ठरले आहे. सहलींच्या पत्रकांत ते आम्हाला कोठे आढळले नाही. परतल्यावर पुढील सत्रात 'माझी जन्मठेप' शिकवताना वर्गाला त्या स्मारकाविषयीही सांगता येईल, आणि त्या तासाला विद्यार्थ्यांनी आपल्या बोलीत प्रश्न विचारले तर ते आम्हाला हवेच आहेत.