पर्णशाळेची बांधणी

वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडातील पंधरावा सर्ग हा पंचवटीतील पर्णशाळेचा, म्हणजे पानांनी शाकारलेल्या कुटीचा सर्ग आहे, आणि त्यात बांधकामाचा तपशील ज्या बारकाईने आला आहे तो पाहिला म्हणजे पंचवटीची कथा सांगणारे इतक्या घाईने शूर्पणखेकडे आणि कांचनमृगाकडे का वळतात याचे नवल वाटते. मातीच्या भिंती, भक्कम खांब, त्यांवर लांब वेळूंचे वासे, वाशांवर दोरांनी घट्ट आवळलेल्या शमीच्या फांद्या, वर कुश, काश आणि शर या गवतांचे व पानांचे छप्पर, आणि खाली सपाट केलेली जमीन, असे ते वर्णन आहे. काम उरकल्यावर लक्ष्मण गोदावरीत स्नान करतो, कमळे व फळे घेऊन येतो, फुलांचा बली अर्पण करतो आणि मगच रामाला कुटी दाखवतो. राम त्याला कडकडून मिठी मारतो.

आज नाशिकच्या पंचवटीतील एखाद्या शाळेच्या गाईड पथकाचे शनिवार-रविवारचे शिबिर भरते, तेव्हा वासा, दोर आणि सपाट जमीन हे तीन विषय पुन्हा शिकण्याचे होतात. गाईड ही स्काउट चळवळीची मुलींची शाखा. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर घेतले ते केवळ मुलग्यांचे होते. पुढे १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील मेळाव्यात काही मुली आपणहून हजर झाल्या व आपणही स्काउट असल्याचे सांगू लागल्या, तेव्हा १९१० मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र संघटना काढावी लागली आणि तिची धुरा बेडन-पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांनी वाहिली. भारतात मुलींचे पहिले पथक १९११ मध्ये जबलपूर येथे निघाले. १९५० मध्ये भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था स्थापन झाली व पुढच्याच वर्षी मुलींची संघटना तिच्यात सामील झाली. आमंत्रण नसताना मुली येऊन उभ्या राहिल्या, हा या इतिहासातील सर्वांत सुंदर भाग होय.

शिबिराचे पहिले काम जागा पाहण्याचे. तंबू उंचवट्यावर असावा, झाडाच्या वाळक्या फांदीखाली नसावा, पाणी जवळ असावे पण काठावर राहू नये, हे गाईड कॅप्टन, म्हणजे पथकाची प्रमुख शिक्षिका, मुलींना आधी सांगते. वाल्मीकींचा राम जागा दाखवताना गोदावरी फार दूर नाही आणि फार जवळही नाही, असे आवर्जून म्हणतो, आणि पंचवटीच्या रहिवाशाला त्याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. कारण येथे पुराची मोजणी दुतोंड्या मारुतीवरून, म्हणजे गोदावरीच्या पात्रातील दोन तोंडांच्या मारुतीच्या मूर्तीवरून होते. पाणी मारुतीच्या कमरेला लागले की घाटावरचे दुकानदार आवराआवर करतात, आणि मूर्ती बुडाली की नदीकाठची वस्ती रात्र जागून काढते. ज्या गावाने नदीवर एवढी माया केली त्याच गावाने तिच्यापासून किती अंतर ठेवावे हेही शिकून घेतले आहे.

जागा ठरली की संघ कामाला लागतात. संघ म्हणजे सहा ते आठ मुलींची तुकडी. तिला मोगरा, कमळ, गुलाब अशी फुलांची नावे देण्याची रीत आहे आणि तिची प्रमुख संघनायिका होय. तंबू उभा राहिल्यावर प्रत्येक संघ काठ्या व सुतळी घेऊन भांड्यांची मांडणी, चपलांची मांडणी आणि संघाचे प्रवेशद्वार तयार करतो. खिळा वापरायचा नसतो. दोन काठ्या काटकोनात बांधण्याच्या रीतीला स्क्वेअर लॅशिंग म्हणतात. आधी उभ्या काठीवर क्लोव्ह हिच घालतात, म्हणजे दोराचे दोन वेढे असे टाकतात की दुसऱ्या वेढ्याखालून काढलेले टोक ओढताच दोर स्वतःलाच दाबून धरतो. नंतर आडव्या काठीच्या पुढून आणि उभ्या काठीच्या मागून असे तीन-चार वेढे घेतात. येथवर सर्वांनाच जमते. खरी कसोटी पुढे आहे, कारण आता दोर दोन काठ्यांच्या मधून, आधीच्या वेढ्यांना आडवा फिरवून आवळायचा असतो, त्याला फ्रॅपिंग म्हणतात, आणि नवखी मुलगी हा भाग टाळून भराभर बाहेरूनच आणखी वेढे घालत राहते. तिची बांधणी जाडजूड दिसते, पण पातेले ठेवताच आडवी काठी घसरते. जाणती संघनायिका काही बोलत नाही. ती गाठ सोडायला लावते, एक टोक स्वतःच्या हाताला गुंडाळते, पाय काठीवर रोवते आणि अंग मागे टाकून ओढते, तेव्हा सुतळी करकरते आणि दोन काठ्यांची एक चौकट होते. बोटांच्या पेरांवर उमटलेले लाल वळ दोन दिवस टिकतात. शमीच्या फांद्या दोरांनी घट्ट आवळल्या, एवढ्याशा वर्णनामागे किती अंगमेहनत आहे हे ग्रंथ वाचून कळण्यासारखे नाही.

त्या सर्गात एक उणीव मात्र खुपते. वैदेहीला जेथे रमेल अशी जागा पाहावी असे राम म्हणतो, जागेची निवड तूच कर असे लक्ष्मण नम्रतेने सुचवतो, राम निवडतो आणि लक्ष्मण बांधतो. पण सीतेला कोणी विचारल्याचा उल्लेख नाही. पंचवटी म्हटले की लोकांना आठवते ती लक्ष्मणरेषा, आणि ती तर वाल्मीकींच्या अरण्यकांडात नाहीच; नंतरच्या रामकथांनी ती ओढली व समाजाने ती लेकीसुनांसाठी जपून ठेवली. गाईड शिबिरात हद्द आखली जाते तीही दोरीचीच, पण जागा निवडणारी, बांधणारी, तेथे राहणारी आणि रात्री पाळीपाळीने पहारा देणारी मुलगीच असते. म्हणून रात्रीचा मुक्काम गाळून, भाड्याचा मांडव घालून, दुपारच्या जेवणानंतर मुलींना घरी पाठवणारी एकदिवसीय शिबिरे फार अपुरी वाटतात. पालकांची काळजी खरी आहे. तिचे उत्तर पुरेशा शिक्षिका, चोख व्यवस्था आणि मोकळा संवाद हे आहे.

नाशिकच्या थंडीत हा मुक्काम सोपा नसतो. निफाडचा पारा महाराष्ट्रात सर्वांत खाली उतरल्याच्या बातम्या येतात त्याच दिवसांत अनेक शिबिरे भरतात. अरण्यकांडाचा सोळावा सर्ग याच हेमंत ऋतूचा आहे, आणि तहानलेला रानहत्ती पाण्याला सोंड लावतो व गारठ्याने मागे घेतो, हे त्यातले निरीक्षण मोठ्या प्रतिभेचे आहे. सुती दोर दवाने आखडतो, म्हणून झोपण्याआधी तंबूचे ताण थोडे सैल करावे लागतात. शनिवारी संध्याकाळी बिनभांड्याचा स्वयंपाक असतो: निखाऱ्यात वांगी व बटाटे भाजतात, काठीला कणकेची वळी गुंडाळून शेकतात, आणि चटणीला पळसाचे पान पुरते. रविवारी सकाळी मात्र पोह्यांसाठी पातेली निघतात, आणि तपासणीला येणारी कॅप्टन तंबूतील घड्यांपेक्षा पातेल्यांच्या बुडांकडे अधिक बारकाईने पाहते. तेथे काजळी राहिली तर त्या संघाचे गुण कापले जातात, मग प्रवेशद्वार कितीही देखणे असो.