ओल आणि ऊब

आम्ही कोकणातले. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींना ओल सुटते, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी धरते. हवेत ओल टिकवायची कशी, हा प्रश्न आम्हांला कधी पडलाच नव्हता. तो पडला लंडनमध्ये, 2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत, एका घोरपडीपायी.

आमचे थोरले भाई तिथे स्थायिक आहेत. त्यांच्या मुलाने न्यू गिनीच्या जंगलात झाडांवर राहणारी हिरवी घोरपड पाळली आहे. रंग भाताच्या कोवळ्या रोपासारखा, अंग सडपातळ, शेपूट धडापेक्षा कितीतरी लांब. फांदीला शेपटीचा विळखा घालून ती किडे टिपते. तिचे मूळ रान विषुववृत्ताजवळचे, दमट. लंडनच्या घरात मात्र थंडीत हीटर चालतो आणि हवा कोरडी पडते. मग तिची कात नीट सुटत नाही. बोटाभोवती तिचे वेढे आवळले, तर बोट झडूही शकते. पाणी ती पानांवरचे थेंब चाटून पिते. ते फार दिवस कमी पडले, तर मूत्रपिंडे बिघडतात. म्हणून पुतण्याने उंच काचेच्या पेटीत झाडे लावली होती. वर जाळी, उबेसाठी दिवा, पाण्याचा फवारा आणि आर्द्रता दाखवणारे काट्याचे यंत्र.

एका लग्नासाठी सगळे पाच दिवस बाहेरगावी निघाले. आम्हांला सर्दी-ताप होता, आम्ही मागे राहिलो. पुतण्याने कागद लिहून दिला : फवारा सकाळ-संध्याकाळ. दुपारी काटा 60 पर्यंत उतरला तरी चालेल. दिवसा दिवा बंद करू नये.

“चाचा, अमानत आहे,” तो हसत म्हणाला.

दुपारी काटा 60 वर आला आणि आमचा धीर सुटला. आम्ही आठवीला भूगोल शिकवतो. सापेक्ष आर्द्रतेचे सूत्र वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिलेले : हवेत असलेली वाफ भागिले त्या तापमानाला मावू शकणारी वाफ, गुणिले 100. हवा गार केली की मावणारी वाफ कमी होते आणि पाण्याचा एक थेंब न वाढवता आकडा चढतो. आम्ही दिवा बंद केला. जाळीवर प्लॅस्टिक पसरले. मधूनमधून फवाराही सोडला. काटा 90 वर गेला आणि तिथेच राहिला. गणित बरोबर आले होते. भाईंचा फोन आला की आम्ही अभिमानाने आकडा सांगत असू.

चौथ्या दिवशी ती खाली उतरून बसली. समोर टोळ फिरत होता, तिने पाहिलेही नाही. पाचव्या दिवशी तिच्या नाकपुडीशी बुडबुडा दिसला.

श्वसनमार्गाचा संसर्ग, डॉक्टर म्हणाले. सरपटणाऱ्या प्राण्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते. ती मिळाली तरच त्याला अन्न पचते, रोगाशी झुंजता येते. गारवा, कोंडलेली हवा आणि न वाळणारी ओल एकत्र आली की जंतूंचे फावते. रानातही पाऊस पडून गेल्यावर ऊन पडते, वारा सुटतो, पाने वाळतात. तिला भिजणे हवे, तसे वाळणेही हवे.

परतताना गाडीत पुतण्या म्हणाला, “माझंच चुकलं. नीट समजावून सांगायला हवं होतं.”

आम्ही गप्प बसलो. मंडळी येण्याआधी आम्ही प्लॅस्टिक काढून ठेवले होते, दिवाही लावला होता. चूक लपवणाऱ्या मुलांना वर्गात आम्ही जे जे बोललो होतो, ते सगळे त्या वाटेवर आठवले. रात्री त्याच्या खोलीत जाऊन सांगून टाकले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “चाचा, हे डॉक्टरांना आधीच कळायला हवं होतं,” आणि त्याने फोन उचलला.

इंजेक्शने झाली. घोरपड वाचली.

पुढच्या वर्षी आठवीला आम्ही ही हकीकत सांगितली, प्लॅस्टिकसकट. मागच्या बाकावरून लगेच विचारणा झाली, “सर, आमच्या वाडीतली घोरपड पाळू?” ती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, पकडणे हाच गुन्हा, हे सांगून त्याला बसवले. मग एका मुलीने विचारले, “सर, हवेत आर्द्रता किती असली म्हणजे चांगली?”

पूर्वी आम्ही चटकन आकडा सांगितला असता. या वेळी विचारले, “कोणासाठी?”